दोन सिलिंडर, चाळीस दिवस

६ जानेवारी, सोमवार

राहायचा ट्रेलर लागला. जागा क्रमांक चार. टॅमरॅक तळ्याकाठच्या या सरकारी उद्यानात उन्हाळ्यात नव्वद ट्रेलर दाटीवाटीने उभे असतात आणि सगळे मिळून डासांना शिव्या देतात. हिवाळ्यात सहाच जागांवरचा बर्फ काढून ठेवतात. त्यातल्या चार रिकाम्या. पाण्याचे नळ बंद, वीज चालू. अंघोळीची सोय दोनशे पावलांवरच्या उबदार खोलीत. पारा उणे अकरा, म्हणजे अजून हिवाळा सुरू व्हायचाय.

करार चर्चच्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर लिहिलाय, दोन प्रती, खाली माझी आणि नवऱ्याची, लेलंडची, सही. मी चाळीस रात्री या ट्रेलरमध्ये काढायच्या. दुसऱ्या छपराखाली झोपायचं नाही. कुणाकडे मदत मागायची नाही. जमलं, तर नोर्डाल गावातलं आमचं घर विकायची गोष्ट लेलंडने उरल्या जन्मात काढायची नाही. नाही जमलं, तर मी मुकाट सही करायची आणि ॲरिझोनात जाऊन निवडुंगाला पाणी घालायचं. निवडुंगाला पाणी लागत नाही म्हणे. म्हणजे तेवढंही काम नाही.

विषय नोव्हेंबरात जेवताना निघाला. मी म्हटलं, या थंडीवर माझा जीव आहे. नवरा काटा खाली ठेवून म्हणाला, "तुझी थंडी काचेच्या आतली आहे, व्हर्ना. तळघरात हीटर घुरघुरतोय आणि तू खिडकीतून म्हणतेस, काय सुंदर बर्फ."

एकतीस वर्षं मी शाळेची बस चालवली. थंडी आहे म्हणून एक फेरी चुकवली नाही. अशा बाईला काचेच्या आतली म्हणणाऱ्याला काय उत्तर द्यायचं, ते हे. जागा क्रमांक चार.

लेलंड एक तारखेलाच ॲरिझोनात बहिणीकडे गेला. जानेवारीत निम्मं नोर्डाल तिकडे असतं. चर्चमध्ये उरतात ते पाद्री, मी आणि ज्यांना डोळ्यांमुळे गाडी चालवता येत नाही ते. पंधरा फेब्रुवारीला तो परत येणार आणि मला एकतर शाबासकी देणार किंवा कागद.

दिवसभर काम केलं. ट्रेलरच्या खालच्या पोकळीत वारा घुसू नये म्हणून चारी बाजूंनी गव्हाच्या काडाच्या गाठी रचल्या. खिडक्यांना फोमचे तक्ते. नळांना विजेची गरम पट्टी. सांडपाण्याच्या टाकीत ते गुलाबी द्रव, जे गोठत नाही. पुढच्या झाकणाखाली गॅसचे दोन सिलिंडर, दोघांना बसच्या उरलेल्या पिवळ्या रंगाचा एकेक पट्टा मारलाय. माझी वस्तू लांबून ओळखू आली पाहिजे.

९ जानेवारी, गुरुवार

उणे बावीस. शेजारी आहे. जागा पाच. सेल्मर ब्राटलंड नावाचा पंचाहत्तरीचा म्हातारा, खेडोपाडी टपाल वाटण्यात जन्म गेला, आता दर हिवाळ्यात तळ्याच्या बर्फाला भोक पाडून मासे धरायला बसतो. ट्रेलर त्याच्याहून म्हातारा. टिली नावाची कुत्री ट्रेलरहून म्हातारी.

आल्या आल्या म्हणाला, "व्हर्ना, गाठी छान बसवल्यात." मी नाव सांगितलं नव्हतं. रेंजर ट्रूडीने सांगितलं असणार. ट्रूडी लहानपणी माझ्या बसमध्ये तिसऱ्या बाकावर बसायची आणि तेव्हाही तिच्या पोटात काही राहायचं नाही.

काही मदत हवी का, विचारलंन. मी म्हटलं, नको. खरंच नको का, विचारलंन. मी म्हटलं, अगदीच नको. आणि तो गेला.

आता आमच्याकडे मिनेसोटात पहिल्या दोन 'नको'ला काही किंमत नसते, हे टपाल वाटणाऱ्याला माहीत नसेल असं होणार नाही. तिसऱ्यांदा विचारायचं, मग माणूस खरं उत्तर देतो. दोनदा विचारून निघून जाणं म्हणजे विचारल्याचं पुण्यही घ्यायचं आणि काम गळ्यातही पडू द्यायचं नाही. अर्थात मला मदत नकोच होती. पण तिसऱ्यांदा नको म्हणायची संधी तरी द्यायची.

१२ जानेवारी, रविवार

लेलंडचा फोन. पश्चिमेचा वारा आहे ना, हीटर सारखा लागत असेल, म्हणाला. तिकडे बसून इकडच्या वाऱ्याची दिशा बघतो. दुसरा उद्योग नाही.

रोज सकाळी बहिणीबरोबर दोन मैल चालतो म्हणे. इथे टपालपेटीपर्यंत जायला गाडी काढायचा हा माणूस. जिन्यात अर्ध्यावर थांबून भिंतीवरचे फोटो बघायचा, तेच फोटो, तीस वर्षं. मी सांगत आले, पोट कमी कर. धान्याच्या कोठारात चौतीस वर्षं पोती मोजली, तिथली धूळ अजून खोकतो, हे त्याचं पेटंट उत्तर. आज मात्र फोनवर एकदाही खोकला नाही. लाइन चांगली लागली होती.

मग नणंदेने फोन घेतला. "वहिनी, बर्फात पुरून घ्यायचं ठरवलंच असेल तर निदान खुणेला काठी रोवून ठेवा." मी म्हटलं, "आर्डेल, तुमच्याकडे माणसं उन्हाने वाळतात, आमच्याकडे ताजी राहतात."

१४ जानेवारी, मंगळवार

उणे सव्वीस. आज एक गोष्ट नोंदवून ठेवते, कारण आत्मस्तुती कुणी वाचणार नसेल तिथेच करावी.

ट्रेलरबरोबरच्या पुस्तिकेत लिहिलंय, अशा थंडीत एक सिलिंडर तीन दिवस पुरेल. आज नववा दिवस. सिलिंडर रिकामा झाला की आतला हिरवा दिवा लाल होतो. माझा दिवा हिरवा. पुस्तिका लिहिणाऱ्याच्या घरी बायका दारं उघडी टाकत असणार.

माझ्या यशाची कारणं: काडाच्या गाठी, फोमचे तक्ते, दारामागे गोधडी, आणि दिवसा हीटर बारीक करून दोन स्वेटर. बाकी जग गॅस जाळतं, मी डोकं जाळते.

मंगळवारी आणि शुक्रवारी उबदार खोलीत जाते. अंघोळ, कपडे, ट्रूडीची कॉफी, दोन तास मोडतात. परत आले तर ट्रेलरच्या तोंडाशी बुटांचे ठसे. उद्यानवाले बर्फाची खोली मोजतात, तेच असणार. ट्रूडीला विचारलं. ती म्हणाली, "हो काकू, तेच असतील," आणि कॉफीच्या भांड्यात बघत राहिली. ते भांडं रिकामं होतं.

१६ जानेवारी, गुरुवार

हॉटडिश केलं. खिमा, मश्रूमचं सूप, वर बटाट्याच्या गोळ्यांचा थर. एका माणसापुरतं हॉटडिश करता येत नाही, तशी भांडीच मिळत नाहीत. अर्धं निळ्या भांड्यात भरून सेल्मरला दिलं. दोनदा नको म्हणाला, तिसऱ्यांदा घेतलं. म्हणजे रीत माहीत आहे.

२० जानेवारी, सोमवार

गावात किराण्याला गेले, म्हणून दोन्ही सिलिंडरही गाडीत टाकले. म्हटलं, चौदा दिवस झाले, गॅसवाल्याचाही धंदा होऊ दे. त्याने उचलून पाहिले आणि म्हणाला, बाई, एक तर भरलेलाच आहे, दुसऱ्यातही अजून आहे. आणखी काहीतरी बोलणार होता, पण मी त्याला गाठींचं, गोधडीचं सगळं समजावून सांगितलं. वीस मिनिटं ऐकत होता. शेवटी म्हणाला, "असं पण असतं."

असंच असतं. आर्डेलला चार पानी पत्र लिहून टाकलं: 'काटकसर ही सवय नसून स्वभाव आहे.' लेलंडला वाचून दाखवायला सांगितलंय.

२५ जानेवारी, शनिवार

भाषण झालं! ट्रूडीने उबदार खोलीत कागद लावला होता: 'हिवाळी मुक्काम आणि गॅसची बचत, वक्त्या व्हर्ना टोलेफ्सन.' अकरा माणसं आली. बर्फावर गाडी चालवून अकरा माणसं म्हणजे इकडे जत्रा. मी पाऊण तास बोलले. एकाने विचारलं, बाई, हे शास्त्रात बसतं का. मी म्हटलं, शास्त्र पुस्तिका लिहितं, मी राहते.

सेल्मर मागच्या खुर्चीवर बसून सारखी मान हलवत होता. मध्येच त्याला ठसका लागला आणि टोपी तोंडावर धरून बाहेर गेला. म्हाताऱ्यांना या दिवसांत जपायला हवं.

एक बोचलं. नऊ दिवस झाले, निळं भांडं परत नाही. शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करू नये हे खरं, पण मासे धरायला बसलेल्या माणसाला त्यात घालायला काही सापडू नये? ट्रूडी म्हणते, या वर्षी तो भोकापाशी फारसा दिसतच नाही, गाडी घेऊन गावाकडेच फेऱ्या चालू असतात. या वयात गावाकडे कसल्या फेऱ्या. एखादी विधवा असेल.

२८ जानेवारी, मंगळवार

पहाटेपासून हिमवादळ. रस्ता बंद. ट्रूडी म्हणाली, बर्फ काढणारी गाडी परवापर्यंत येणार नाही. तरी मी वाटेवर बांधलेली दोरी धरत उबदार खोलीत गेले आणि अंघोळ करून आले. मंगळवार तो मंगळवार. परत येईपर्यंत वाऱ्याने सगळे ठसे पुसले होते, माझेसुद्धा.

दिवा हिरवा.

२९ जानेवारी, बुधवार

उणे चौतीस आणि उतरतोय. वारा पडला, की थंडी खरी सुरू होते.

दुपारी सूप घेऊन सेल्मरकडे गेले. दार बोटभर उघडलंन. अंगात कोट, डोक्यावर टोपी, घरात. खिडकीवर आतून बर्फ. मी म्हटलं, गार दिसतंय, आमच्याकडे येऊन बसा घटकाभर. म्हणाला, "छे, मस्त आहे. टिलीला उकडतं." मी म्हटलं, अहो, या की. म्हणाला, "नको नको, तुम्हाला कशाला त्रास."

दोनदा झालं. तिसऱ्यांदा विचारायचं तोंडावर आलं होतं. तेवढ्यात त्याच्या मागे, फळीवर, माझं निळं भांडं दिसलं. धुतलेलं. तिथेच. मी सूप त्याच्या हातात दिलं आणि आले.

हे मी इथे लिहून ठेवते आहे, कारण उद्या बहुतेक मला हे आवडणार नाही.

३० जानेवारी, गुरुवार

सगळं क्रमाने लिहिते.

सात वाजता पारा उणे चाळीस. जग सेल्सिअसमध्ये मोजतं, आम्ही फॅरनहाइटमध्ये, आणि दोघांचं कधी पटत नाही. फक्त उणे चाळीसला दोन्ही आकडे एक होतात. जगाचं आणि आमचं एकमत होतं ते आमच्या अंगणात, याचा मला नेहमी अभिमान वाटत आलाय. आज तो वाटायला वेळ मिळाला नाही.

शेगडीची ज्योत मलूल झाली होती. इतक्या थंडीत सिलिंडरमधला गॅस वर यायला कंटाळतो. म्हणून विजेवरचं पांघरूण सिलिंडरभोवती गुंडाळायला बाहेर गेले आणि पुढचं झाकण उचललं.

दोनपैकी एकालाच पिवळा पट्टा. दुसरा गंजका, अंगावर काळ्या शाईत 'से. ब्रा.'

शाळेची बस चालवताना समोर पोर आलं की विचार करत नाहीत, आधी ब्रेक दाबतात. मी मान वळवून जागा पाचकडे बघितलं. त्याच्या छपरावरच्या नळीतून वाफ येत नव्हती.

आज विचारलं नाही. एकदाही नाही. दाराला कडी नव्हती. विजेच्या छोट्या हीटरचा फ्यूज उडालेला. म्हातारा पलंगावर, अंगावर होते नव्हते ते सगळे कपडे, छातीवर टिली. ओठ निळे. मला म्हणाला, "आज टपाल उशिरा आलंय." थरथर थांबली होती. थरथर थांबते ते वाईट, हे दर सप्टेंबरला ड्रायव्हरांना शिकवायचे.

त्याच्याच मासे ओढायच्या घसरगाडीवर गादीसकट त्याला घेतलं, वर कुत्री, आणि चाळीस पावलं ओढलं. छप्पन्न वर्षांच्या बाईने दीड मणाचा म्हातारा ओढायचा नसतो म्हणे. पुस्तिकेत असेल. ओले मोजे काढले, चोळलं नाही, कोरडी गोधडी, काखेत कोमट पाण्याच्या बाटल्या, साखरेचं कोमट पाणी चमच्याने. ट्रूडीला फोन. रस्ता दुपारपर्यंत बंद. मग मी हीटर पूर्ण मोठा केला. इतके दिवस मी ज्याला बारीक ठेवण्याची बढाई मारत होते तो हीटर पूर्ण मोठा केला, आणि तेव्हा ध्यानात आलं की जळतो आहे तो त्याचाच सिलिंडर. ज्या उबेत मी त्याला आणलं ती त्याचीच होती.

तासाभराने तो पुन्हा थरथरायला लागला. इतकं सुंदर दृश्य मी बर्फातसुद्धा पाहिलेलं नाही.

दुपारी बर्फगाडीच्या मागून रुग्णवाहिका आली. इस्पितळात चला, म्हणाले. तो म्हणाला, नको. पुन्हा म्हणाले, तो म्हणाला, काही गरज नाही. ती पोरं सामान आवरायला लागली. मी दारात उभी राहिले आणि म्हटलं, "तिसऱ्यांदा विचारा." त्यांनी विचारलं. "बरं," सेल्मर म्हणाला, "वाटेतच असेल तर."

त्याच्या ट्रेलरमध्ये त्याच्या औषधांची पिशवी आणायला गेले. दाराशी माझा पिवळ्या पट्ट्याचा सिलिंडर, रिकामा. मंगळवारी रस्ता बंद, भरायला नेता आला नाही, म्हणून स्वतःचा माझ्याकडे लावलान. फळीवर निळं भांडं. झाकण उचललं. आत कागदात गुंडाळून एकच मासा. एका माशाने भांडं भरत नाही. आणखी दोन मिळायची वाट बघत असणार. आणि मिळणार कुठून? मासे धरायचे तास माझे सिलिंडर भरून आणण्यात गेलेले.

फ्रिजवर ॲरिझोनाचं कार्ड. टोपी घातलेला निवडुंग. मागे माझ्या नवऱ्याचं अक्षर. दुसऱ्याचं टपाल वाचू नये, पण ज्याचं होतं तो टपालवालाच, आणि मजकूर माझ्याबद्दल होता:

'सेल्मर, ती मागणार नाही. विचारलंस तर दुसऱ्या नकोला दार लावेल. तेव्हा विचारत बसू नकोस. मंगळवार-शुक्रवार दोन तास अंघोळीला जाते, तेव्हा बदल. तिला कळलं तर स्वतःच हरले म्हणून मोकळी होईल. ती जिंकलीच पाहिजे. हरलेल्या व्हर्नाबरोबर वाळवंटात राहण्याची माझी छाती नाही. लेलंड.'

कार्ड होतं तसं लावून ठेवलं.

१ फेब्रुवारी, शनिवार

ट्रूडीने विचारलं, काकू, भाषणाचा कागद काढू का. म्हणजे तिलाही ठाऊक होतं. मी म्हटलं, राहू दे. खाली लिही, 'शेजारी लागतो.' तिने खरंच लिहिलं.

करार काढून वाचला. 'मदत मागायची नाही.' मागितली नाही. शब्दाने मी सुटते. पण मी काही वकील नाही, मी बस चालवली आहे, आणि बसमध्ये न बसलेल्या पोराची हजेरी मी कधी लावली नाही. सव्वीस दिवसांतले किती माझे होते?

दुपारी फोन उचलून नंबर फिरवला. मी हरले एवढंच म्हणायचं होतं. लेलंड म्हणाला, "व्हर्ना, कशी आहेस?" पाठीमागे आर्डेलचं हसणं आणि कुठलेसे पक्षी. मी म्हटलं, "इथे उणे तीस आहे." तो म्हणाला, "गॅस पुरतोय ना?" इतक्या साध्या आवाजात म्हणाला, की मी म्हटलं, "पुरतोय."

फोन ठेवला आणि ठरवलं. मागचे सव्वीस कुणाचेही असोत, पुढचे चौदा माझे.

४ फेब्रुवारी, मंगळवार

सेल्मर इस्पितळातून परतला. बोटं सगळी शाबूत. आता दर तिसऱ्या दिवशी मी गावात जाते आणि दोन सिलिंडर भरून आणते, एक माझा, एक त्याचा. पुस्तिका बरोबर होती. तीनच दिवस. गॅसवाला माझ्या गाडीत सिलिंडर चढवताना शीळ घालत होता.

सेल्मरच्या खाली काडाच्या गाठी नव्हत्याच. माझ्या दक्षिणेकडच्या काढून त्याला लावल्या. त्याला कार्डाबद्दल बोलले नाही, तोही नाही. कॉफी पिताना एवढंच म्हणाला, "लेलंड आणि मी वीस वर्षं याच तळ्यावर बसायचो. मग त्याने येणं बंद केलं."

"थंडी आवडेनाशी झाली त्याला," मी म्हटलं.

"थंडी नव्हे हो," सेल्मर म्हणाला. "गाडीपासून भोकापर्यंत चालवेना. अर्ध्या वाटेत उभा राहून तळं बघायचा."

मी त्याला आणखी कॉफी दिली. जिन्यातले फोटो एकूण सात आहेत. आज ते सगळे ओळीने आठवले.

९ फेब्रुवारी, रविवार

उणे तीस. रात्री वीज गेली होती. हीटरचा पंखा बॅटरीवर, सिलिंडर माझे मी भरलेले, नळ गोठला तो वीज आल्यावर केस वाळवायच्या यंत्राने माझा मी सोडवला. सकाळी खिडकीचा तक्ता काढला तर तळं गुलाबी. काचेच्या आतून पाहिलं नाही. बाहेर जाऊन, भुवया गोठेपर्यंत उभी राहिले. थंडीवर माझा जीव आहे हे मी उगाच म्हणत नव्हते. हे लेलंडला सांगायचंय, पण भांडणात नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

चाळीस. दिवा हिरवा, आणि का हिरवा ते मला ठाऊक आहे.

सेल्मरने निळं भांडं परत केलं. तीन मासे.

१५ फेब्रुवारी, शनिवार

अकरा वाजता लेलंड आला. उणे आठ, ऊन. चेहरा भाजलेल्या बटाट्यासारखा झालाय. ट्रूडी आणि सेल्मर आपापल्या दारात असे उभे होते जसं काही ते नेहमीच तिथे उभे असतात.

गाडीपासून माझ्या पायरीपर्यंत पस्तीस पावलं. मी दारातून मोजली. बाराव्या पावलावर तो थांबला आणि पाइनची झाडं बघायला लागला. वीसच्या आसपास पुन्हा, गाठींचं कौतुक करायला. पायरीशी आल्यावर खोकला सुरू झाला आणि बराच वेळ संपला नाही. ही फोनची लाइन नव्हती. सेल्मरच्या नळीची वाफ बघायला मी शिकले, आणि तीस वर्षं ज्याच्या तोंडाची वाफ समोर होती ती बघितली नाही. हवा जाते आहे, पण येताना अडखळते.

आत आला, बसला. "कसं काय झालं?" म्हणाला.

"ठीकच," मी म्हटलं.

"मदत?"

"मागितली नाही कुणाकडे."

"माहीत आहे मला," तो म्हणाला, आणि एवढा ताठ बसला, की कुणाला वाटावं चाळीस दिवस यानेच काढले. मग खिशातून चर्चच्या पत्रकाची त्याची प्रत काढली आणि चार तुकडे केले. "घराची गोष्ट संपली. नोर्डालमध्ये सगळ्यांना सांगणार आहे मी. माझी बायको उणे चाळीसमध्ये राहिली. आर्डेलला तर रोज सांगणार."

मी कॉफी ओतली.

मी म्हटलं, "घर राहू दे आपलं. पण एप्रिलपर्यंत तिकडे जाऊ या का? ट्रेलरला चाकं आहेत."

"छे," तो म्हणाला. "जिंकलीस तू. उगाच कशाला."

"आर्डेलच्या अंगणात लावू. दर हिवाळ्यात तिकडे, बर्फ वितळला की इकडे."

"नको गं. तुला ते निवडुंग सोसायचे नाहीत. मी बरा आहे."

दोनदा झालं. इथे मी एरवी दार लावते. माझी सगळी हयात दुसऱ्या नकोला संपलेली आहे, आणि त्याने ते एका कार्डाच्या पाठीवर लिहून ठेवलंय, आणि तरीही तिकडून गॅस पाठवत राहिलाय.

"लेलंड," मी म्हटलं, "जाऊ या."

त्याने कॉफी ढवळली. त्यात साखर नव्हती, ढवळण्यासारखं काही नव्हतं. "बरं," म्हणाला, "तुला त्रास होणार नसेल तर."

मग उठून ट्रेलर गाडीला जोडायला गेले, तर हलेना. चाळीस दिवसांत चारही चाकं बर्फात आसापर्यंत रुतून दगड झालेली. माझ्याकडे एक फावडं, आणि लेलंडला फावडं धरू द्यायचं नव्हतं. मी काडाच्या उरलेल्या गाठीवर मिनिटभर बसले. मग उठले, जागा पाचपर्यंत गेले आणि दार वाजवलं.

"सेल्मर," मी म्हटलं, "माझी चाकं गोठली आहेत. मला मदत हवी आहे."

त्याचा हात कुदळीवर आधीच होता. टिलीसुद्धा कोट घालून तयार.